वाट पाहणाऱ्या ओळीचे गणित

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री उशिरा 'गिटलॅब' या संगणक प्रणालींचे स्रोत साठवून ठेवणाऱ्या सेवेतील एका अभियंत्याने एक डिरेक्टरी पुसून टाकण्याची आज्ञा दिली. माहितीसाठ्याची दुय्यम प्रत नीट चालत नव्हती. तिच्यावरील निरुपयोगी मजकूर काढून ती नव्याने तयार करावी, असा त्याचा हेतू होता. आज्ञा मात्र गेली ती मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन त्याने काम थांबवले तेव्हा अवघे एक-दोन सेकंद लोटले होते. परंतु तेवढ्यात सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. सुदैवाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली. सेवा सुमारे अठरा तास बंद राहिली आणि मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. पुढे कंपनीने जाहीर केलेल्या चौकशी अहवालात सुधारणांची मोठी यादी होती. तिच्यातील एक कलम वरवर पाहता अगदी किरकोळ होते: सर्व सर्व्हरांवरील प्रॉम्प्ट असा बदलावा की, आपण कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या वातावरणात आहोत हे चटकन ओळखू यावे.

प्रॉम्प्ट म्हणजे संगणकाने आज्ञेची वाट पाहत दाखवलेली ओळ. डॉसच्या दिवसांत ज्यांनी संगणक हाताळला त्यांना 'सी' या अक्षरापुढचा तो कोनाकार बाण आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ आठवत असेल. माउस आणि चित्रखुणांच्या जमान्यात ही ओळ सामान्य माणसाच्या नजरेआड गेली. पण ती नाहीशी झाली नाही. बँकांचे सर्व्हर, रेल्वेचे आरक्षण, वृत्तपत्रांची संकेतस्थळे यांच्या मागे काम करणारे अभियंते आजही दिवसाचे कित्येक तास याच ओळीसमोर बसलेले असतात. ती ओळ त्यांना यंत्राचे नाव, चालू डिरेक्टरी, वेळ, कामाची स्थिती असे बरेच काही सांगते, आणि तिच्यावर विसंबूनच पुढची आज्ञा दिली जाते.

अडचण अशी की, ही ओळ एकदा छापली की तशीच राहते. ती खिडकी नव्हे, छायाचित्र होय. लिनक्सवर सर्वत्र आढळणाऱ्या 'बॅश' या आज्ञाप्रणालीत प्रॉम्प्टमध्ये घड्याळ घालण्याची सोय आहे. पण ते दाखवते ती ओळ छापली गेली तेव्हाची वेळ. दुपारी एक वाजता जेवायला गेलेला माणूस तीन वाजता परतला, तरी पडद्यावर एकच वाजलेला असतो. घड्याळापुरते हे चालून जाईल. परंतु सर्व्हरचे नाव बदलत नसले तरी त्याची भूमिका बदलते. मुख्य यंत्र बिघडले की दुय्यम यंत्राला मुख्य केले जाते, आणि तासाभरापूर्वी छापलेला प्रॉम्प्ट त्याला दुय्यमच म्हणत राहतो. म्हणून वाट पाहता पाहताच स्वतःला ताजा ठेवणारा प्रॉम्प्ट हवा, ही मागणी हौसेखातर आलेली नाही.

मागणी साधी असली तरी ती पुरी करणे सोपे नाही, आणि त्याचे कारण शोधायला कागदाच्या काळात जावे लागते. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एकेकाळी खडखडणारा टेलिप्रिंटर अनेकांनी पाहिला असेल. १९६३ साली आलेले टेलिटाइप कंपनीचे ३३ क्रमांकाचे यंत्र त्याच जातीचे होते. सेकंदाला दहा अक्षरे ते कागदाच्या गुंडाळीवर उठवी. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली ती अशाच यंत्रांसमोर बसून. कागदावर उठलेले अक्षर पुसता येत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या युनिक्समध्ये चुकलेले अक्षर रद्द करायचे तर त्यापुढे '#' हे चिन्ह टंकायचे आणि सगळी ओळच रद्द करायची तर '@' टंकायचे. कागदावर चूकही दिसे आणि दुरुस्तीची खूणही. युनिक्सच्या वंशातील प्रणालींत टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात. टेलिटाइपचेच ते संक्षिप्त रूप.

१९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे 'व्हीटी १००' हे पडद्याचे टर्मिनल बाजारात आले. चोवीस ओळी आणि ऐंशी रकाने असा त्याचा पडदा होता. संगणकाकडून 'एस्केप' या अदृश्य अक्षराने सुरू होणारा संकेत आला की, हे टर्मिनल तो मजकूर म्हणून छापत नसे, आज्ञा म्हणून पाळत असे. कर्सर वर ने, अमुक रकान्यात ठेव, इथून ओळीच्या शेवटापर्यंत पूस, रंग उलटे कर. आज लिनक्सवर किंवा मॅकवर टर्मिनलची खिडकी उघडली की तिच्यात चालणारा कार्यक्रम बऱ्याच अंशी त्या जुन्या यंत्राची नक्कल करीत असतो. म्हणजे पुसण्याची सोय तेव्हापासूनची आहे. बदलली नाही ती वाट पाहण्याची पद्धत.

साध्या कार्यक्रमाने 'तुमचे नाव लिहा' असे विचारले, की पुढे काय घडते? कार्यक्रम ओळ मागतो आणि झोपी जातो, अगदी शब्दशः. वापरणारा जी अक्षरे टंकतो ती कार्यप्रणालीचा गाभा स्वतःजवळ गोळा करतो, पडद्यावर उमटवतो, मागे पुसण्याची कळ दाबली तर अक्षर काढून टाकतो. एंटर दाबल्यावरच पूर्ण ओळ कार्यक्रमाच्या हाती पडते. या पद्धतीला 'शिजवलेली' म्हणतात. ओळ तयार होऊनच पानात येते! कार्यक्रम लिहिणाऱ्याला ती फार सोयीची, कारण दुरुस्त्यांचा विचार त्याला करावा लागत नाही. पण त्याची किंमत अशी की, अर्धवट ओळीत आतापर्यंत काय टंकले गेले आहे, याचा कार्यक्रमाला पत्ताच नसतो.

अशा वेळी पार्श्वभूमीवर चालणारे एखादे दुसरे काम मध्येच बोलले, तर गोंधळ होतो. माणूस फायलीचे नाव अर्धे लिहून थांबलेला असतो आणि नेमके त्याच जागी 'प्रत तयार झाली' असे वाक्य येऊन चिकटते. गाभ्याजवळची ओळ शाबूत असते, पडद्यावरची मात्र बिघडलेली असते. आणि माणूस तर पडद्यावरचेच वाचणार. हा उपद्रव इतका जुना की, त्यावरचा उतारा युनिक्सच्या टर्मिनल व्यवस्थेतच बसवलेला आहे. शिजवलेल्या पद्धतीत कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबल्या की, आतापर्यंत टंकलेला मजकूर पुढच्या ओळीवर स्वच्छ पुन्हा छापला जातो. बॅशनेही याच कारणास्तव सावध पवित्रा घेतला आहे: पार्श्वभूमीवरील काम संपल्याची सूचना पुढचा प्रॉम्प्ट येईपर्यंत ती सहसा राखून ठेवते; लगेच हवी असेल तर वेगळा पर्याय चालू करावा लागतो.

यातून सुटायचे तर कार्यक्रमाने 'कच्ची' पद्धत स्वीकारावी लागते. गाभ्याला सांगायचे की, तू काही गोळा करू नकोस, काही छापू नकोस. प्रत्येक कळ दाबली जाताच ती माझ्या हाती दे. स्वातंत्र्य मिळते, आणि त्याबरोबर सगळी उस्तवारही अंगावर येते. अक्षर उमटवणे, पुसणे, बाण दाबला तर कर्सर सरकवणे, जुनी आज्ञा परत आणणे, सारे कार्यक्रमानेच करायचे. प्रत्येकाने हे नव्याने लिहू नये म्हणून 'रीडलाइन' नावाचे तयार साधन निर्माण झाले. ब्रायन फॉक्स यांनी ते बॅशसोबत घडवले. बॅशचे पहिले रूप १९८९ सालचे. आज्ञा देताना बाणाने मागची ओळ आणणाऱ्या अनेकांना ठाऊकही नसते की, ही कामगिरी रीडलाइनची आहे.

कच्च्या पद्धतीत कळ येताच ती मिळते, परंतु कळ येईपर्यंत काय? कळफलकावर डोळे लावून बसलेला कार्यक्रम घड्याळाकडे पाहू शकत नाही. इथे उपयोगी पडते ती कार्यप्रणालीची एक जुनी सोय. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये 'सिलेक्ट' ही विनंती आली. तिचा आशय एवढाच: या अमुक वाटांपैकी कोणत्याही एकीवरून काही आले तर मला उठव, आणि काहीच आले नाही तरी अमुक वेळाने उठव. कळफलक ही एक वाट, नेटवर्कवरून येणारी माहिती ही दुसरी, पार्श्वभूमीवर चालणाऱ्या कामाचे उत्तर ही तिसरी. पुढे या कल्पनेचे अनेक सुधारित अवतार आले, पण वाट पाहता पाहता बदलणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रॉम्प्टच्या मुळाशी हाच विचार आढळतो. रीडलाइनमध्येही कळ येत नसताना मधूनमधून बोलावले जाणारे एक काम नेमून देता येते. ते सर्वसाधारणपणे सेकंदाला जास्तीत जास्त दहा वेळा चालवले जाते. माणसाच्या डोळ्याला तेवढे पुष्कळ झाले.

जाग कशी आणायची हा प्रश्न असा सुटतो. खरी कसोटी लागते ती जाग आल्यावर पडदा बदलताना. नवी सूचना दाखवायची असेल, तर कर्सर ओळीच्या आरंभी न्यायचा, ओळ पुसायची, सूचना छापायची, नव्या ओळीवर प्रॉम्प्ट पुन्हा लिहायचा, अर्धवट टंकलेला मजकूर जसाच्या तसा उमटवायचा आणि कर्सर होता त्याच अक्षरापाशी परत ठेवायचा. हे सगळे इतक्या झटपट की टंकणाऱ्याला खंड जाणवू नये. त्यातही मजकूर लांबून दुसऱ्या ओळीवर गेला असेल, तर 'ओळीच्या आरंभी' याचा अर्थ दुसऱ्या ओळीचा आरंभ असा होतो. आधी एक ओळ वर चढावे लागते. किती ओळी चढायच्या हे पडद्याच्या रुंदीवर अवलंबून, आणि माणसाने खिडकी ओढून लहान केली की ती रुंदीही बदलते. रंगाचे संकेत तर जागाच व्यापत नाहीत. ते मोजणीत धरले गेले की कर्सर भलतीकडे जातो. म्हणून बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये असे संकेत खास खुणांमध्ये कोंडावे लागतात, आणि या खुणा विसरल्यामुळे लांब आज्ञा स्वतःवरच उमटू लागल्याची तक्रार नवशिक्यांकडून आजही ऐकू येते.

या सगळ्याचा गाभा एकच आहे. ओळीवर लिहिणारे हात दोन असून चालत नाहीत. पडद्यावर आत्ता काय आहे, कर्सर कुठे आहे, माणसाने काय टंकले आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच पडद्याला हात लावावा. इतरांनी आपले म्हणणे त्याच्याकडे द्यावे. पायथनमधील 'प्रॉम्प्ट टूलकिट' या साधनाने हे तत्त्व नेटके राबवले आहे. त्यात एक सोय अशी आहे की, कार्यक्रमाच्या इतर भागांनी पडद्यावर टाकलेला मजकूर वाटेतच अडवला जातो आणि प्रॉम्प्टच्या वर व्यवस्थित छापला जातो; खाली टंकणाऱ्याची ओळ हलत नाही. पडद्याच्या तळाशी सतत बदलणारी पट्टीही दाखवता येते. वैज्ञानिकांत लोकप्रिय असलेल्या 'आयपायथन'ने २०१६ साली रीडलाइन सोडून हेच साधन स्वीकारले.

पडदा निर्दोष बदलला, तरी त्यावरील माहिती खरी असेलच असे नाही. येथे 'झी-शेल'चा अनुभव बोलका आहे. या आज्ञाप्रणालीत दर सेकंदाला प्रॉम्प्ट नव्याने काढण्याची व्यवस्था दोन-तीन ओळींत लिहिता येते आणि चालते घड्याळ मिळते. (शब्द पुरे करून देणारी यादी उघडी असताना तेच घड्याळ मध्ये लुडबुड करते, हा भाग निराळा.) त्याहून उपयुक्त प्रयोग 'गिट'च्या स्थितीचा. मोठ्या प्रकल्पात कोणत्या फायली बदलल्या आहेत हे तपासायला काही सेकंद लागू शकतात. तोवर प्रॉम्प्ट अडवून ठेवला तर प्रत्येक आज्ञेनंतर माणूस ताटकळतो. म्हणून 'प्युअर'सारखे प्रॉम्प्ट आधी रिकामी ओळ दाखवतात, तपासणी पार्श्वभूमीवर सोपवतात आणि उत्तर आले की ते ओळीत भरतात. परंतु उत्तर येईपर्यंत माणूस दुसऱ्या डिरेक्टरीत गेलेला असला तर? उशिरा आलेले उत्तर जुन्या जागेचे असते. ते तसेच चिकटवले, तर बदल शिल्लक असलेला प्रकल्प 'स्वच्छ' दिसेल. म्हणून प्रश्न पाठवताना त्यावर जागेची खूण करायची आणि उत्तर येताच खूण जुळते का ते पाहायचे. जुळत नसेल तर ते टाकून द्यायचे. खोटे सांगणाऱ्या प्रॉम्प्टपेक्षा काहीच न सांगणारा बरा. तपासणी अद्याप चालू असेल, तर जुना रंग न दाखवता फिकट रंग किंवा प्रश्नचिन्ह दाखवणे हा प्रामाणिक मार्ग होय.

पर्यायांची यादी दाखवून त्यांतला एक निवडायला लावणारे प्रॉम्प्ट आणखी नाजूक. यादी भरत असतानाच निवड करू देणारी साधने आज सर्रास वापरात आहेत. २०१३ साली आलेले 'एफझेडएफ' हे त्यांतले विशेष लोकप्रिय. समजा, माणसाने बाण तिसऱ्या ओळीवर आणला, ती वाचली आणि एंटर दाबण्यासाठी बोट खाली आणले; त्याच क्षणी वर एक नवा पर्याय आला आणि सगळे एकेक ओळ खाली सरकले. निवडला गेला तो माणसाने वाचलेलाच नाही! फायली पुसायच्या यादीत असे घडले तर परिणाम सांगायला नको. यावर उपाय असा की, निवड ओळीच्या क्रमांकाशी न बांधता त्या पर्यायाशी बांधावी. पर्याय खाली सरकला तर बाणानेही त्याच्याबरोबर सरकावे. एफझेडएफमध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे. साधनाने तो आपणहून चालू ठेवावा की नाही यावर मतभेद होऊ शकतील. पण जिथे आज्ञा मागे घेता येत नाही, तिथे तरी तो चालूच असायला हवा.

प्रॉम्प्ट सतत बदलता ठेवणे प्रत्येकाच्या सोयीचे असते, असेही नाही. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमावर अवलंबून असतात. गोल फिरणारी खूण सेकंदाला दहा वेळा नव्याने लिहिली गेली, की तो वाचक तीच तीच निरर्थक अक्षरे ऐकवू लागतो. गिटहबने २०२५ साली आपल्या आज्ञासाधनात यासाठी पर्यायी प्रॉम्प्ट आणले आणि फिरत्या खुणेच्या जागी स्थिर शब्दांची सोय केली. उत्तर फायलीत जात असेल तेव्हाही हा सारा खटाटोप बंद ठेवावा, नाहीतर फायलीत एस्केपच्या संकेतांचा कचरा साठतो. कार्यक्रम मध्येच कोसळला तर कच्ची पद्धत मागे ठेवून जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. तसे झाले की पुढे टंकलेले काहीच दिसत नाही आणि टर्मिनल बिघडले असे वाटते. अशा वेळी न दिसणाऱ्या ओळीवर 'रीसेट' टंकून एंटर दाबले की बहुधा ते ताळ्यावर येते.

मराठीत टंकणाऱ्यांसाठी मात्र खरा पेच अक्षर मोजण्यात आहे. टर्मिनलचा पडदा सारख्या आकाराच्या चौकोनांचा, आणि मूळ गृहीत असे की एक अक्षर म्हणजे एक चौकोन. देवनागरीचा या हिशेबाशी मेळ बसत नाही. 'पुणे' हा शब्द युनिकोडमध्ये चार चिन्हांचा, साठवणुकीत बारा बाइटांचा आणि डोळ्यांना दोन अक्षरांचा. २००४ साली लिनक्सच्या गाभ्यात अशी सोय झाली की, मागे पुसताना बाइट न मोजता संपूर्ण चिन्ह काढले जावे. पण तिच्यातही प्रत्येक चिन्हामागे पडद्यावरचा एक चौकोन पुसला जातो. शिजवलेल्या पद्धतीत 'पु' टंकून एकदाच मागे पुसले, तर गाभ्याजवळून फक्त उकार जातो, पडद्यावरून मात्र सगळे 'पु'. रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत 'प' दडून राहतो आणि एंटर दाबताच कार्यक्रमाकडे पोहोचतो.

कच्च्या पद्धतीत हा हिशेब साधनाकडे येतो आणि ते रुंदीचे तक्ते वापरते. रूढ तक्त्यांत उकार, अनुस्वार आणि हलन्ताची खूण यांना शून्य रुंदी, तर काना आणि वेलांटी यांना एकेक चौकोन दिलेला असतो. 'किल्ला' त्या हिशेबाने पाच चौकोनांचा होतो. टर्मिनलने जोडाक्षर एकत्र करून ते कमी जागेत काढले, की साधनाचा कर्सर आणि डोळ्यांना दिसणारा कर्सर यांची फारकत होते. आणि ओळ दर सेकंदाला नव्याने काढली जात असेल, तर ती फारकत दर सेकंदाला नजरेसमोर येते. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत युनिकोडने 'क्ष' किंवा 'ल्ला' यांसारखे जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम घातला. अक्षर कुठे तोडू नये हे त्यातून कळते, त्याने किती चौकोन घ्यावेत हे नाही. त्यामुळे मराठी उत्तरे घेणारा बदलता प्रॉम्प्ट लिहिताना जाणकार प्रोग्रामर घड्याळ आणि सूचना वरच्या स्वतंत्र ओळीवर ठेवतात, टंकण्याची ओळ खाली मोकळी सोडतात, आणि ती पुन्हा काढावीच लागली तर मधूनच न जुळवता पहिल्या रकान्यापासून संपूर्ण काढतात.